बॅटरीचा पट्टा

माझ्या थोरल्या जाऊबाईंनाही झोप लागते, ही गोष्ट आमच्या घरात बरीच वर्षं कुणाच्या लक्षातच आली नव्हती. सकाळी उठावं तर त्या उठलेल्याच असायच्या, आणि रात्री आपण आडवं व्हावं तर स्वयंपाकघरात त्यांच्या भांड्यांचा आवाज चालूच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, काही माणसं अशीच असतात, चावी दिलेली.

बुटक्या, गोलसर, खांद्यावर कायम एक पंचा. काहीही सांगितलं की त्यांचं एकच उत्तर, "होतं हो." दुधाचं भांडं असो, पाण्याचा पेला असो, त्या काठोकाठ भरणार आणि थेंबही न सांडता तुमच्यापर्यंत आणणार. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं त्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाइकाचं नाक आणि कान बघून चष्म्याच्या काड्या वाकवायच्या. ते काम त्यांना फार आवडायचं. अजूनही घरात कुणी पाहुणा आला आणि त्याचा चष्मा जरा तिरका दिसला, की जाऊबाईंचे हात शिवशिवतात. बोलता बोलता त्या चष्मा उतरवून घेतात, सरळ करतात आणि परत त्याच्या नाकावर ठेवतात. पाहुणा बिचारा तोवर आंधळ्यासारखा बसून राहतो.

दुकान सुटलं ते सासूबाईंमुळे. सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं डावं अंग गेलं. बोलणंही गेलं, पण रागावणं शिल्लक राहिलं. उजव्या हातात एक स्टीलचा चमचा असतो आणि पलंगाचा कठडा लोखंडी आहे. तहान लागली, कूस बदलायची आहे, माशी बसली, किंवा नुसतंच कुणी दिसत नाही, की चमचा वाजतो. त्या आवाजाला घरात उठायचं कुणी, तर जाऊबाईंनी. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, तेव्हा शाळेच्या मुलांची गाडी चालवायचे. आमचे हे फिरतीच्या नोकरीवर. मी पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकून बसलेली. त्यामुळे एवढी माणसं असलेल्या घरात आजारी बाईचं सगळं एकीच्या अंगावर कसं पडलं, ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

आता डब्याविषयी सांगायला हवं. डबा म्हणजे कॅम्पर ट्रेलर, गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं छोटं घर. आत दोन बाकं, तीच रात्री पसरून झोपायची. एक वीतभर बेसिन, एक पंखा, दोन दिवे. भाऊजींनी तो त्यांच्या मालकाकडून जुना विकत घेतला होता. शाळेला मोठी सुट्टी लागली की बायकोला समुद्र दाखवायचा, हे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव स्वप्न. बाकी हा माणूस स्वप्न बघणाऱ्यातला नाही, आणि बोलणाऱ्यातला तर नाहीच. मोठ्या हौसेने दोघं निघाले, पहिला मुक्काम झाला, आणि घरून फोन गेला की आई पडली. गाडी तिथूनच वळली. समुद्र राहिला समुद्राच्या जागी. डबा तेव्हापासून अंगणात उभा आहे, चाकाखाली विटा लावून.

त्या डब्यात दुपारी जाऊन पडायचं, हे जाऊबाईंना कधी सुचलं ते मला ठाऊक नाही. एकदा दुपारी त्या घरात दिसेनात. मी शोधत गेले तर डब्याचं दार आतून बंद. हाक मारणार तेवढ्यात आतून घोरण्याचा आवाज आला. मी तशीच परत फिरले. त्या दिवसापासून ठरूनच गेलं. दुपारी मी माझं मशीन सासूबाईंच्या खोलीत सरकवायचे आणि चमचा वाजला की उठायचे. तेवढ्या वेळात जाऊबाई डब्यात. त्या घरातल्या एकाही खोलीला त्यांच्यासाठी आतून कडी लावायची सोय नव्हती. कडी लागायची ती फक्त डब्याला. वर पंख्याची घरघर, त्यात चमच्याचा आवाज ऐकू येत नसे. दार उघडून बाहेर यायच्या तेव्हा गालावर बाकाच्या शिवणीचा वळ असायचा आणि चेहरा असा मोकळा, की दिवसातून तेवढाच वेळ त्यांचं खरं वय दिसायचं.

पंखा चालायचा तो बाकाखालच्या बॅटरीवर. छपरावर एक छोटं सोलर पॅनेल होतं, ते बॅटरी भरायचं. जुन्या गाड्यांना असते तशी झाकणांची, आत शिसं आणि तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, असलेली बॅटरी. अधूनमधून झाकणं काढून तिच्यात बॅटरीचं पाणी घालावं लागतं, हे भाऊजींनी दाखवून दिल्यावर ते कामही साहजिकच जाऊबाईंचं झालं. त्या नेमाने घालायच्या. बॅटरीशेजारच्याच कप्प्यात त्यांनी सासूबाईंच्या जुन्या मऊ सुती चादरी घड्या घालून ठेवलेल्या असत. घरातल्या कपाटाला ओल येते आणि इथे कोरडं राहतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि पट्टा. बॅटरी जागेवरून हलू नये म्हणून तिच्यावरून एक रुंद काळा पट्टा गेलेला असतो, बकलचा. सासूबाईंना रोज थोडा वेळ चाकाच्या खुर्चीत बसवतात. त्या खुर्चीच्या पट्ट्याचं बकल तुटलं. सासूबाई डाव्या अंगाला घसरत खाली यायच्या, आणि एकदा तर जमिनीवर आल्याच असत्या. जाऊबाई तडक डब्यात गेल्या, बॅटरीचा पट्टा सोडला आणि सासूबाईंच्या कमरेभोवती आवळला. अगदी मापात बसला. मी म्हटलं, "अहो, आणि बॅटरीला?"

"बॅटरी कुठे पळून जाणार आहे?" त्या म्हणाल्या. "आई पळतात."

आम्ही दोघी हसलो. सासूबाईंनी चमचा वाजवला.

पुढे अंगणातली सांडपाण्याची नळी तुंबली. प्लंबर आला, त्याला खणायला जागा हवी होती, म्हणून त्याच्या माणसांनी डबा ढकलला. एक चाक विटेवरून खड्ड्यात गेलं आणि धाडकन आवाज झाला. भाऊजींनी चाक बघितलं, अ‍ॅक्सल बघितला, दार उघडून बेसिन बघितलं. बाकाखाली कुणी वाकलं नाही. डबा परत विटांवर चढला आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो.

त्यानंतर जाऊबाई एकदा म्हणाल्या, "ही बॅटरी हल्ली पाणी फार पिते गं. घातलं की संपतं."

"म्हातारी झाली असेल," मी म्हटलं. मला काय कळतंय त्यातलं? त्या पाणी घालत राहिल्या, त्यांच्या पद्धतीने, काठोकाठ.

नणंदबाई दर रविवारी येतात. माझ्या यांच्यापेक्षा मोठ्या, भाऊजींपेक्षा धाकट्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. येताना फळं आणतात, आल्या आल्या हात धुतात आणि आईची पाठ बघतात. आधी पाठ, मग चहा. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पाठीला एक ओरखडा नाही, ही जाऊबाईंची एकुलती एक मिरवण्याची गोष्ट. डॉक्टरसुद्धा दुसऱ्या घरी आमचं उदाहरण द्यायचे. त्या रविवारी नणंदबाईंनी झगा वर केला आणि एकदम म्हणाल्या, "हे काय?"

कमरेच्या वर तळहाताएवढा लाल चट्टा होता. मधे कातडी सुटायला आलेली.

"वहिनी, हे कधीपासून?"

"काल नव्हतं," जाऊबाई म्हणाल्या.

"काल नव्हतं म्हणजे आज आकाशातून पडलं का? एका कुशीवर किती वेळ होती ती?" मग खिडकीतून अंगणाकडे बघत, "दुपारी तुम्ही त्या डब्यात झोपायला जाता म्हणे."

मी मशीनवरून म्हटलं, "तेव्हा मी असते की इथे."

"तू शिवत असतेस," नणंदबाई म्हणाल्या. त्यांचं तसं चूक नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

जाऊबाई "होतं हो" सुद्धा म्हणाल्या नाहीत. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, चादर कोरडी ठेवा, वरचेवर बदला, कूस बदलत राहा. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाईंनी डबा सोडला. दुपारीसुद्धा सासूबाईंच्या उशाशी स्टूल टाकून बसायच्या आणि सारखी त्यांची कूस बदलायच्या. डब्यात जायच्या ते फक्त धुतलेली चादर आणायला. जरा घाम आला की चादर बदल, जरा सुरकुती पडली की चादर बदल. आणि चट्टा वाढत होता. जितकं जास्त करावं तितका वाढत होता.

त्या आठवड्यात त्यांची जी दशा झाली ती मी बघितली आहे. चहात मीठ पडलं. गॅसवर दूध ठेवून त्या समोरच उभ्या होत्या, डोळे उघडे, आणि दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी त्यांना कळलं नाही. बसल्या जागी मान पडायची आणि चमचा वाजायच्या आधीच दचकून ताठ व्हायच्या. मी म्हटलं, "जा ना घटकाभर, पडून या. मी मशीन बंद ठेवते."

"नको," त्या म्हणाल्या. "मी झोपले म्हणून झालं ते."

मला त्या क्षणी नणंदबाईंचा, भाऊजींचा, आमच्या ह्यांचा, सगळ्यांचा इतका संताप आला की सुई बोटात घुसली. तेवढ्यात जाऊबाईंनी दोन चादरी माझ्याकडे टाकल्या. "यांना भोकं पडलीत, ठिगळ लावतेस? उंदीर शिरलेत वाटतं कप्प्यात."

मी चादर मशीनवर घेतली. उंदराने कुरतडलेलं कापड मला ओळखता येतं, त्याच्या कडांना दात दिसतात. या भोकांच्या कडा पिवळट होत्या आणि बोटाने दाबलं की भुगा व्हायचा. वाटलं, धुण्याची पावडर कडक असेल, नाहीतर कसर लागली असेल. ठिगळ लावायला गेले तर सुईच्या पुढे कापड फाटत जाई. आणि मग सुई घुसलेलं माझं बोट चुरचुरायला लागलं. असं की मी उठून नळाखाली धरलं.

बोटावरून पाणी वाहत होतं आणि माझ्या डोक्यात सासूबाईंची पाठ आली. मी ओल्या हातानेच जाऊन सासूबाईंच्या खालची चादर ओढून काढली, तिलाही कोपऱ्यात तसाच पिवळा डाग. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, आत्ता तर बदलली."

"ही ठेवली कुठे होती?"

"डब्यात. कप्प्यात."

भाऊजी अंगणातच होते. आम्ही डब्याचं दार उघडलं तर आतून कुजक्या अंड्यांसारखा उग्र वास आला, घशात बसणारा. जाऊबाई म्हणाल्या, "हा वास मला यायचा, पण मला वाटलं नळीचाच." भाऊजींनी बाकाची फळी वर केली. बॅटरी आपल्या जागेवरून हातभर सरकून लोखंडी कोपऱ्याला टेकली होती. खालचा कोपरा तडकलेला, एक बाजू फुगलेली, वर तारांच्या टोकांना हिरवट पांढरी बुरशी. खालची फळी काळी पडून मऊ झाली होती आणि तो ओलावा सरळ चादरींच्या कप्प्यात उतरला होता. मी हात पुढे केला तशी भाऊजींनी माझं मनगट धरलं. हा माणूस इतक्या चपळाईने काही करू शकतो हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी बॅटरीच्या दुकानात फोन लावला. तिथला बॅटरीवाला त्यांच्या ओळखीचा, फोनवरसुद्धा भांडल्यासारखा बोलणारा. "आज नाही जमायचं यायला. पण ती आजच बाहेर काढा. दारं-खिडक्या सताड उघडा. काडी ओढू नका, बटण दाबू नका. पॅनेलवर आधी गोधडी टाका. काळी वायर आधी, मग लाल. हातात जाड मोजे, डोळ्यांवर काहीतरी, आणि सांडलंय तिथे खायचा सोडा घाला. आडवी केलीत तर तुमचं तुम्ही बघा."

इथे जाऊबाई घरात गेल्या आणि एक खोका घेऊन आल्या. चष्म्याच्या दुकानातल्या जुन्या फ्रेमी आणि गॉगल त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवल्या होत्या. त्यातले सगळ्यात मोठे गॉगल त्यांनी निवडले, आमच्या कानांमागे नीट बसवले, काड्या वाकवून बघितल्या. भाऊजींच्या वाट्याला बायकांचा, फुलपाखरासारख्या आकाराचा जांभळा गॉगल आला. एरवी मी तासभर हसले असते. त्या दिवशी कुणीच हसलं नाही.

पॅनेल झाकलं. वायरी निघाल्या. जाऊबाईंनी भांडी घासायचे जाड रबरी मोजे घातले, भाऊजींनी बागेतले. दोघांनी मिळून बॅटरी उचलली, उभीच्या उभी, आणि मी धरलेल्या प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवली. केवढं जड धूड ते. मग जाऊबाई गुडघ्यांवर बसल्या आणि फळीवर सोडा टाकत गेल्या. तो फसफसायचा, फेस यायचा, पुसून परत टाकायच्या. फसफस थांबेपर्यंत. भाऊजी म्हणाले, "पुरे, मी करतो." त्या थांबल्या नाहीत. कप्प्यातल्या चादरी काढल्या तर मधल्या चादरीची घडी हातात आल्या आल्या तुकडे होऊन पडली.

तेव्हा त्या खाली बसल्या, डब्याच्या पायरीवर. गॉगल डोळ्यांवर तसाच.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "पट्टा मी काढला. पाणी मी घालत होते. चादर मी घालत होते. दिवसातून दहादा."

"तुम्हाला काय माहीत?" मी म्हटलं.

"माझ्या हाताने भाजली गं त्यांची पाठ."

डॉक्टर आले. भरपूर पाण्याने पाठ धुतली, मलम लिहून दिलं. "हा बेडसोर नव्हेच," ते म्हणाले. "तेजाबाने कातडी पोळली आहे. आठवड्यात भरून येईल. पाठ अजून चांगली ठेवली आहे तुम्ही." मला वाटलं, चला, बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पण जाऊबाईंनी ते ऐकलं नसावं. त्या सासूबाईंचा उजवा हात हातात धरून बसल्या होत्या, आणि सासूबाई चमचा न वाजवता त्यांच्याकडे बघत होत्या.

रविवारी नणंदबाईंना मीच सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. मला वाटलं होतं, त्या निदान एक वाक्य जाऊबाईंना म्हणतील. त्यांनी आधी पाठ बघितली आणि म्हणाल्या, "दादा, तो डबा विकून टाक. घरात आजारी माणूस आणि अंगणात असला धोका. उपयोग तरी काय त्याचा?"

भाऊजींनी मान डोलावली. ते नेहमीच डोलावतात, कुणाच्याही म्हणण्याला. मी जाऊबाईंकडे बघत होते. मला वाटलं आता तरी बोलतील, नको म्हणतील, माझी तेवढी एकच जागा आहे म्हणतील.

"विका," त्या म्हणाल्या. खांद्यावरचा पंचा काढला, घडी घातली, परत खांद्यावर ठेवला. "मला तरी कुठे आता तिथे झोप लागणार आहे."

इतका थकलेला आवाज मी कुणाचा ऐकला नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. पण त्याला दिवे, पंखा सगळं चालू करून बघायचं होतं, म्हणून पुढच्या रविवारी नवी बॅटरी बसवायचं ठरलं. बॅटरीवाला सकाळीच आला. दिसायलाही भांडल्यासारखाच, भुवया जोडलेल्या. भाऊजींनी मधल्या दिवसांत फळी बदलली होती. त्यांच्या पँटची गुडघ्यापाशी तेजाबाने चाळणी झाली होती, ती त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. जाऊबाई डब्यातलं आपलं सामान काढायला आत गेल्या, म्हणजे एक उशी, एक चादर आणि चष्म्याचा छोटा स्क्रू पिळायचा पेचकस. सासूबाईंना खुर्चीत बसवलं होतं. मी तिथेच काजं करत होते. नणंदबाई आईला संत्र्याच्या फोडी सोलून भरवत होत्या.

बॅटरीवाला खिडकीशी आला. "पट्टा कुठाय?"

"कसला?" भाऊजी म्हणाले.

"बॅटरीचा. बांधल्याशिवाय मी ठेवणार नाही. मागची अशीच मोकळी ठेवलीत, म्हणून फुटली ना? या मापाचा माझ्याकडे आज नाही."

भाऊजी आत आले, क्षणभर उभे राहिले, आणि सासूबाईंच्या कमरेचं बकल त्यांनी सोडलं. जे सांगितलं ते करायचं, हा त्यांचा स्वभाव. पट्टा घेऊन ते बाहेर गेले. आणि सासूबाई डाव्या अंगाला घसरायला लागल्या.

"अगं, अगं! आई!" नणंदबाईंच्या हातातून वाटी पडली. त्यांनी आईला काखेतून धरलं, वर ओढलं. सासूबाई परत घसरल्या. अर्धं अंग गेलेलं माणूस किती जड होतं, ते धरल्याशिवाय कळत नाही. शेवटी नणंदबाई खुर्चीच्या मागे गेल्या आणि मागून दोन्ही हातांनी आईला कवटाळून उभ्या राहिल्या.

माझ्या मशीनच्या खणात जाड निवारीची पट्टी होती. बॅगांना लावतात ती, दोन माणसांना पेलेल अशी. शिवून द्यायला कितीसा वेळ लागणार? मी खण उघडला नाही. काजं करत राहिले.

"वहिनींना बोलाव," नणंदबाई म्हणाल्या.

मी खिडकीतून बघितलं. बॅटरीवाला हात पुसत डब्यातून बाहेर येत होता, पावलं न वाजवता, आणि त्याने दार हळूच ओढून घेतलं. आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती. तो खिडकीशी येऊन म्हणाला, आणि या माणसाला हळू बोलता येतं हेही मला नवीनच होतं, "पंखा लावून बघितला, उत्तम आहे. पण बंद नाही केला. त्या बाई सामान काढता काढता बाकावर बसल्या होत्या. वारा लागला आणि तिथेच आडव्या झाल्या. उशी छातीशी धरून."

मी नणंदबाईंना सांगितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आईची मान त्यांच्या हातावर पडलेली, दुसऱ्या हाताने तिचा झगा सारखा करायचा प्रयत्न चालला होता, आणि जरा हात सैल पडला की सासूबाई खाली सरकत होत्या.

"ही रोज अशी घसरते?"

"रोज."

"मग पट्टा नव्हता तेव्हा?"

"तेव्हा जाऊबाई धरायच्या. तुम्ही धरलंय तसंच."

सासूबाईंचा चमचा मांडीवर पडला होता. त्यांनी उजवा हात वर नेला, लेकीच्या मनगटावर ठेवला. कदाचित घट्ट आवळलेलं त्यांना दुखत असेल, त्यांच्या मनातलं कुणाला सांगता येत नाही. नणंदबाईंनी भार पेलायला खुर्चीच्या पाठीला गुडघा टेकवला. मी खणाकडे हात नेला. बस झालं, त्यांचीही आई आहे, असं मला खरंच वाटलं.

तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली. गिऱ्हाईक आलं होतं. त्याने हॉर्न वाजवला, एकदा, मग पुन्हा लांबलचक. भाऊजी अंगणातून आमच्याकडे बघायला लागले, काय करू म्हणून. मीही नणंदबाईंकडे बघितलं.

त्यांनी आईला पुन्हा वर ओढलं, आपली हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवली, आणि धापा टाकत म्हणाल्या, "दादा, त्याला जा म्हणावं. आणि हॉर्न वाजवू नको म्हणावं. वहिनी झोपल्यात."